मदत हवी आहे : प्रार्थनेत मिळालेली शांती देवाकडूनच आहे, हे कसे ओळखावे?

चार एकर कोरडवाहू शेत येत्या पाडव्यापासून मक्त्याने द्यावे की स्वतःच वाहावे, याविषयी देवाची इच्छा कळावी म्हणून मी महिनाभर प्रार्थना करीत आहे. परंतु डोळे मिटताच कापसाचा भाव, सोसायटीचे कर्ज आणि गोठ्यातील बैलाचे लंगडणे हेच पुढे येते. पहाटे घर उठण्याआधी वीस मिनिटे मिळतात. घर दोन खोल्यांचे आहे, आणि एकांतवासासाठी बाहेरगावी जाणे शक्य नाही.

बायबलच्या स्तोत्र ४६ मधील 'शांत राहा' हे वचन संथपणे म्हणून पाहिले, एक शुक्रवार उपास केला, चिंता वहीत उतरवून ठेवल्या (याचा सर्वाधिक उपयोग झाला, पण आठवड्यातच ती वही हिशेबाची झाली). आमच्या चर्चच्या पाळकांना विचारले असता त्यांनी होरेब डोंगरावरील एलीया संदेष्ट्याची आठवण करून दिली : वारा, भूकंप व अग्नी यांत परमेश्वर नव्हता, मंद वाणी त्यानंतर आली. ते पटते, मात्र माझे मन जेव्हा निवते, तेव्हा 'देऊन टाक' असेच वाटते, आणि थकलेल्या शरीराला नेमके तेच हवे आहे.

शेताचे काय करावे, हे मी विचारीत नाही. अशी शांती देवाकडून आलेली आहे की ती केवळ सुटकेची भावना आहे, हे आपण स्वतः कशावरून आणि किती दिवस पारखून ठरवता?