यामाहा पॅसिफिका ११२व्ही की स्क्वायर क्लासिक व्हाइब ६०?

पेठकर :
नमस्कार. बरीच वर्षे अकूस्टिक गिटार वाजवल्यानंतर आता इलेक्ट्रिक घेण्याचे ठरवले आहे. कॅम्प आणि कोथरूडमधील दुकाने पालथी घातल्यावर वरील दोन गिटारींवर येऊन अडलो आहे. दोन्हींची घडण स्ट्रॅटोकास्टर या प्रसिद्ध गिटारीच्या वळणाची, दोन्हींचे स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, नेक म्हणजे मान मेपलची आणि पिकअप (तारेचे कंपन टिपणारा भाग) निवडण्याचा स्विच पाच जागांचा. पॅसिफिकाला २२ फ्रेट (नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) असून ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे, हम्बकर (दोन कॉइलचा पिकअप) आहे. स्क्वायरला २१ फ्रेट आणि तिन्ही पिकअप सिंगल कॉइल आहेत. स्क्वायर महाग आहे, आणि त्या फरकात एक लहान प्रॅक्टिस अ‍ॅम्प (गिटारीचा आवाज मोठा करणारे यंत्र) सहज येईल. जुनी हिंदी-मराठी गाणी, थोडे ब्लूज आणि गणेशोत्सवात सोसायटीच्या मंचावर मित्रांसोबत रॉक, एवढे माझे वाजवणे. घर सदाशिव पेठेतील जुन्या इमारतीत आहे. दिसायला स्क्वायर मनात भरली आहे, हे कबूल करतो. पॅसिफिकाची बॉडी अल्डर लाकडाची आहे म्हणून तिचा नाद सरस, असे एका विक्रेत्याने सांगितले. त्यात कितपत तथ्य आहे?

सहातारा :
लाकडाचा विचार आपण बाजूला ठेवावा. इलेक्ट्रिक गिटारीत पिकअप तारेचे कंपन चुंबकीय क्षेत्रातून टिपतो. त्यामुळे पिकअपचा प्रकार, त्याची जागा आणि तारेपासूनचे अंतर यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा या किमतीच्या दोन गिटारींत बॉडीच्या लाकडाने कानाला जाणवणे अवघड आहे.

खरा फरक फ्रेटबोर्डच्या, म्हणजे जिथे बोटांनी तारा दाबतो त्या पट्टीच्या, गोलाईत आहे, आणि त्याबद्दल विक्रेते सहसा बोलत नाहीत. स्क्वायरची त्रिज्या ९.५ इंच, तर पॅसिफिकाची १३.७५ इंच आहे. त्रिज्या जितकी कमी, तितका पृष्ठभाग अधिक गोल. अशा गोल बोर्डावर बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरलेला) धरताना बोट सहज बसते. परंतु तारा बोर्डाच्या जवळ ठेवून वरच्या फ्रेटवर मींड घेतल्यासारखी तार ओढली, तर ती पुढच्या फ्रेटला टेकून सूर मध्येच मरण्याची शक्यता असते. ब्लूजमध्ये तार ओढणे आलेच, म्हणून दुकानात पहिली तार बाराव्या फ्रेटच्या वर, प्रत्येक फ्रेटवर पूर्ण स्वराने ओढून पाहावी.

दुसरा मुद्दा आपल्या जुन्या इमारतीचा. सिंगल कॉइल पिकअप विजेच्या ५० हर्ट्‌झची घरघर ओढून घेतो. जवळ चोकची ट्यूबलाइट असेल, तर डिस्टॉर्शन (रॉकमधला मुद्दाम फाडलेला आवाज) चालू करताच ती असह्य होते. हम्बकरमधील दोन कॉइल एकमेकींची घरघर खोडून काढतात. शिवाय पॅसिफिकाचा टोन नॉब वर ओढला की हम्बकरची एकच कॉइल चालू राहते. आपले वाजवणे पाहता मी पॅसिफिका घेईन आणि उरलेल्या पैशांत अ‍ॅम्प.

डेक्कनवाला :
वरील बहुतेक मुद्दे मान्य आहेत, परंतु एक कॉइल बंद केलेला हम्बकर म्हणजे मुळातला सिंगल कॉइल नव्हे. त्याचा आवाज थोडा क्षीण आणि बारीक येतो. जुन्या गाण्यांतले स्वच्छ, टणत्कारी तुकडे स्क्वायरवर जसे उमटतात, तसे पॅसिफिकाच्या ब्रिज पिकअपवर उमटणार नाहीत. शिवाय जी गिटार नजरेला आवडते ती रोज हातात घेतली जाते, ही गोष्ट क्षुल्लक मानू नये. डिस्टॉर्शन वर्षातून एकदा मंचावरच लागणार असेल, तर घरघरीची धास्ती कशाला?

पेठकर :
दोघांचेही आभार. दुकानातील स्क्वायरच्या तारा बोर्डापासून बऱ्याच उंच होत्या आणि बोटे दुखली. हा त्या गिटारीचा दोष समजावा का?

सहातारा :
बहुधा नाही, ती सेटअप (तारांची उंची आणि नेकची जुळणी) न करता भिंतीवर टांगलेली असावी. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साधारण २ आणि बारीक तारेखाली दीड मिलिमीटर अंतर असले, म्हणजे वाजवणे सुखाचे होते. हे अंतर ब्रिजवरील सॅडलचे (तार ज्यावर टेकते त्या तुकड्याचे) स्क्रू फिरवून कमी करता येते. नेक वाकला असल्यास आधी ट्रस रॉड (नेकच्या आतील, त्याचा वाक सुधारणारी सळई) पाव फेऱ्याच्या आतच फिरवून पाहायचा असतो. पुण्यात एप्रिल-मेमधील कोरडी हवा आणि पावसाळ्यातील दमट हवा यांत नेक थोडा हलतोच, तेव्हा ट्रस रॉड फिरवण्याची अ‍ॅलन की मागून घ्यावी. पैसे देण्यापूर्वी दोन्ही गिटारींचा सेटअप करून मागावा आणि मगच तुलना करावी. नेकच्या कडेवरून बोट फिरवून फ्रेटची टोके टोचतात का, तेही पाहावे. टोचणारी टोके घासून घेण्याचा खर्च वेगळा येतो.

आणि कोणतीही गिटार घेतली, तरी अ‍ॅम्प लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून घरातील अर्थिंग तपासून घ्या. गिटारीच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, आणि जुन्या वायरिंगमध्ये तिसरी पिन कित्येकदा नुसती नावापुरती असते.