अपघात सातारा जिल्ह्यात, दावा सांगलीत टाकता येतो
अपघात जिथं झाला तिथंच नुकसानभरपाईचा क्लेम टाकावा लागतो म्हणून लोकं मिळंल त्यावर तडजोड करतात असं इथं एकानं लिहिलंय. तडजोडीचं खरंय, पण पहिलं बरोबर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये स्पष्ट आहे, अपघाताची जागा, अर्जदार राहतो किंवा धंदा करतो ती जागा, नाहीतर समोरचा, म्हणजे ज्याच्यावर दावा आहे तो, राहतो ती, यातलं कुठलं ट्रिब्युनल (अपघाताच्या भरपाईचं कोर्ट) ते अर्जदारानं ठरवायचं. माझ्या चुलतभावाला उंब्रजजवळ हायवेवर टेम्पोनं उडवलं, पाय मोडला, राहायला तासगावला, तर वकिलांनी दावा सांगलीलाच टाकला आणि तसल्या पायानं कराड-साताऱ्याचे हेलपाटे वाचले. पंचनाम्याची नक्कल तेवढी उंब्रज हद्दीतनं आणावी लागली, ते काम घरच्यांनी लगेच उरकावं, नंतर लई रखडतं.

आणि दुचाकीवर मागं बसणाऱ्याच्या विम्याचं कुणीच काढलं नाही. गाडी आपली आपण घसरली तर नुसत्या थर्ड पार्टी (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यापुरत्या) पॉलिसीत मागच्याला कव्हर नसतं, 15 लाखांचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट विमा असतो तो चालवणाऱ्या मालकाला, तोही लायसन वैध असेल तरच. बायकापोरं मागं बसवत असाल तर जादा प्रीमियम भरून त्यांचं कव्हर घ्याच.