नऊ किलो वजन उतरले, पण ती चरबी गेली कुठे?

प्रश्न | गंगापूररोडकर

गेल्या आठ महिन्यांत माझे वजन ८३ किलोंवरून ७४ किलोंवर आले. आपण मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर रात्रीचे जेवण साडेसातपर्यंत उरकणे, भात दुसऱ्यांदा वाढून न घेणे आणि रोज सकाळी पाऊण तास भरभर चालणे, याव्यतिरिक्त मी काही केलेले नाही. परवा माझी जुनी पँट कमरेत दोन इंच आत घेता घेता आईने विचारले, “अरे, नऊ किलो म्हणजे तेलाचा अर्ध्याहून जास्त डबा झाला. तो गेला तरी कुठे?” मला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी चार जणांना विचारले आणि चार उत्तरे मिळाली. व्यायामशाळेतील प्रशिक्षकाच्या मते चरबी वितळून घामावाटे जाते आणि म्हणून पोटाला घाम आणणारा रबरी पट्टा मी त्याच्याकडूनच विकत घ्यावा. कार्यालयातील सहकारी म्हणतात की तिची उष्णता होते. वहिनींच्या मते ती शौचावाटे पडते. माझ्या मुलीने तर चरबीचे स्नायूंत रूपांतर होते, असे ठामपणे सांगितले. यांपैकी खरे काय? गणितासह कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर १ | प्रयोगवही (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक)

आपल्या आईंचा प्रश्न अचूक आहे, कारण त्यांनी ‘ऊर्जा कुठे गेली’ असे न विचारता ‘वस्तू कुठे गेली’ असे विचारले आहे. या चारही उत्तरांत नेमका तोच फरक सुटला आहे.

देवघरातील समईपासून सुरुवात करू. रात्री भरलेले तेल सकाळी संपलेले दिसते. त्या तेलाचा उजेड झाला, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. परंतु उजेडाला आणि उष्णतेला वजन नसते, मग तेलाचे वजन गेले कुठे? ते हवेत गेले. तेलातील कार्बनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड झाला आणि तेलातील हायड्रोजनची पाण्याची वाफ झाली. माझी आजी तुपाच्या निरांजनावर तांब्याची वाटी उपडी धरून काजळ पाडत असे. ते काजळ म्हणजे ज्योतीत पूर्ण जळू न शकलेला, तुपातलाच कार्बन. शुभ्र तुपात एवढे काळे काही दडलेले असते, हे मला शाळेत जाण्याआधीच त्या वाटीने शिकवले होते.

आपल्या शरीरातील चरबी ही रासायनिकदृष्ट्या त्या तुपातेलाचीच सख्खी बहीण आहे. तिला ट्रायग्लिसराइड म्हणतात. मानवी चरबीच्या सरासरी रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, म्हणजे वजनाच्या हिशेबाने चरबीचा सुमारे ७७ टक्के भाग कार्बनच असतो. असे दोन रेणू पूर्णपणे जाळण्यासाठी ऑक्सिजनचे १५६ रेणू लागतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ११० व पाण्याचे १०४ रेणू तयार होतात. हे समीकरण वहीत लिहून दोन्ही बाजूंचे अणू मोजून पाहावेत. एकही अणू हरवत नाही.

हाच हिशेब सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. १० किलो चरबी शरीरातून जाते तेव्हा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते, असे त्यांनी दाखवले. गंमत अशी की त्यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक मिळून १५० जणांना हा प्रश्न विचारला होता आणि बहुसंख्यांचे उत्तर आपल्या सहकाऱ्यांप्रमाणेच ‘उष्णता’ असे आले. तेव्हा आपल्या सहकाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

आपल्या ९ किलोंना हा हिशेब लावू. ते सगळे वजन चरबीचेच होते असे क्षणभर धरले, तर साडेसात किलोंहून थोडे अधिक वजन आपण नाकावाटे सोडून दिले आणि साधारण १.४ किलोचे पाणी झाले. या काळात त्या चरबीसाठी म्हणून आपण सुमारे २६ किलो ऑक्सिजन आत घेतला आणि त्यातून सुमारे २५ किलो कार्बन डायऑक्साइड व १० किलो पाणी तयार झाले. हे आकडे ९ पेक्षा मोठे दिसतात, कारण बाहेर पडणाऱ्या वायूत आत घेतलेल्या ऑक्सिजनचेही वजन असते. आठ महिन्यांवर हे वाटले तर दिवसाला जेमतेम ३७-३८ ग्रॅम चरबी होते, म्हणजे अडीच-पावणेतीन मोठे चमचे तेल. रोज पोळ्यांना लागते तेवढे.

आता उष्णतेविषयी. चरबी जळताना उष्णता निर्माण होते हे खरेच आहे. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. परंतु एक किलो चरबीतून मिळणाऱ्या सगळ्या ऊर्जेचे आइनस्टाइनच्या सूत्राने वजन काढले, तर ते एका मायक्रोग्रॅमच्या निम्म्याइतकेही भरत नाही. घामाविषयी बोलायचे तर घामात पाणी आणि क्षार असतात, चरबी नसते. प्रशिक्षकाचे म्हणणे एवढ्यापुरते मात्र खरे आहे की चरबीपासून बनलेल्या त्या १.४ किलो पाण्यातले थोडे घामावाटेही गेले असेल. त्यासाठी पट्टा कशाला हवा? त्या पट्ट्याने उतरलेले वजन दोन तांबे पाण्याबरोबर परत येते. शौचावाटे जी थोडी चरबी जाते ती अन्नातली न पचलेली असते. पोटावर साठलेल्या चरबीला आतड्यात उतरण्याची वाटच नाही. मुलीलाही सांगावे की स्नायू प्रथिनांचे बनतात आणि प्रथिनांना नायट्रोजन लागतो, जो चरबीच्या रेणूत मुळीच नाही.

श्वसन हे सावकाश होणारे ज्वलनच आहे, ही कल्पना मुळीच नवी नाही. लव्हॉझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८० च्या दशकाच्या आरंभी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो आणि तो किती वायू सोडतो, हे मोजून त्याची जळत्या कोळशाशी तुलना केली होती. तेव्हापासून उत्तर आपल्यासमोर आहे. फक्त ‘चरबी वितळते’ या शब्दप्रयोगाने आपली दिशाभूल होते. ‘जळते’ हा शब्द त्या मानाने पुष्कळ खरा आहे.

उत्तर २ | रात्रपाळी (परिचारिका, पुणे)

प्रयोगवही सरांनी वस्तुमानाचा हिशेब पूर्ण केला आहे, म्हणून मी शरीराच्या आत काय घडते तेवढेच सांगते.

दादा, चरबी जिथे साठते तिथेच जळत नाही. ती मेदपेशींमध्ये थेंबाच्या रूपाने असते. जेवणानंतर रक्तात इन्शुलिन वाढलेले असते तोपर्यंत या पेशी आपले कुलूप उघडत नाहीत. इन्शुलिन उतरले आणि चालण्याने ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरके वाढली की पेशींतील विकरे (एन्झाइम) ट्रायग्लिसराइडचे तुकडे करून ग्लिसरॉल आणि मेदाम्ले रक्तात सोडतात. ही मेदाम्ले तेलकट असल्याने पाण्यासारख्या रक्तात एकटी फिरू शकत नाहीत, म्हणून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन त्यांना पाठीवर घेऊन स्नायू, हृदय आणि यकृतापर्यंत नेते. तिथल्या पेशींमधील मायटोकॉन्ड्रियांत, म्हणजे पेशींच्या ऊर्जाघरांत, त्यांचे ज्वलन होते. यावरून लक्षात यावे की पोटाचे व्यायाम केल्याने नेमकी पोटावरचीच चरबी उतरत नाही, कारण पोटाच्या स्नायूंना लागणारे इंधन रक्तातून येते आणि रक्तात ते सगळ्या शरीरातून येते. टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची मापे घेऊन १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे असूनही दोन्ही हातांवरील त्वचेखालच्या चरबीची जाडी सारखीच आढळली होती.

दुसरी गोष्ट थोडी निराश करणारी आहे. चरबी जाते, पण मेदपेशी जात नाहीत. त्या रिकाम्या पोत्यांसारख्या आक्रसून तिथेच राहतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये हे मोठ्या कल्पकतेने दाखवले. शीतयुद्धाच्या काळातील अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेला कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) माणसांच्या पेशींच्या डीएनएमध्ये उतरला होता, त्यावरून त्यांनी मेदपेशींचे वय काढले. दरवर्षी सुमारे १० टक्के मेदपेशी मरतात आणि तितक्याच नव्या तयार होतात, त्यामुळे प्रौढ वयात त्यांची एकूण संख्या जवळपास तीच राहते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही ती घटलेली आढळली नाही. शिवाय आक्रसलेल्या पेशी लेप्टिन हे संप्रेरक कमी सोडतात आणि मेंदू त्याचा अर्थ ‘साठा कमी आहे, भूक वाढव’ असा घेतो. सहा महिन्यांनी भाताकडे मन ओढू लागले तर तो केवळ आपल्या निग्रहाचा दोष समजू नये.

आपल्या ९ किलोंपैकी सगळी चरबी नसावी, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या आठवड्यात जे वजन झपाट्याने उतरते, त्यात यकृत आणि स्नायूंतील ग्लायकोजेन (साखरेचा साठा) आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर बांधलेले सुमारे ३ ग्रॅम पाणी पुष्कळ असते. काही भाग स्नायूंचाही असतो, म्हणून डाळी, दही, अंडी यांत काटकसर करू नये.

मधुमेहाचा उल्लेख आपण केला म्हणून एक पुण्याची गोष्ट सांगते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा आपल्या लोकांच्या बाबतीत अर्धेच सांगतो, ते असे. म्हणून आपल्या आईंनी पँट दोन इंच आत घेतली, ही मला ९ किलोंहूनही चांगली बातमी वाटते. भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानतात.

उत्तर ३ | प्रभातफेरी

चरबी जर श्वासावाटेच जात असेल, तर रोज अर्धा तास कपालभाती केल्याने ती अधिक वेगाने जायला हवी. मग चालण्याचा आणि भात सोडण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर ४ | प्रयोगवही

शंका रास्त आहे, परंतु श्वास हे बाहेर पडण्याचे दार आहे, गिरणी नव्हे. पेशींनी चरबी जाळली तरच तिचा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांपर्यंत येतो. स्नायूंचे काम न वाढवता नुसता श्वास जोरात सोडला, तर रक्तात आधीपासून विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तेवढा बाहेर पडतो, त्याची पातळी घसरते आणि ओठांना, बोटांना मुंग्या येऊन चक्कर येते. चरबीचा एक जादा रेणूही त्याने तुटत नाही. समईवर फुंकर घातल्याने तेल लवकर संपत नाही, उलट ज्योतच विझते. कपालभातीत पोटाच्या स्नायूंना जे थोडे श्रम होतात, तेवढेच इंधन त्यात खर्च होते. भरभर चालताना आपल्याला धाप लागते तेव्हा क्रम याच्या उलट असतो: आधी ज्वलन वाढते आणि तो वायू बाहेर टाकण्यासाठी श्वास आपोआप वाढतो.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला समईचे उदाहरण लगेच पटले. काल मी एक प्रयोग केला. रात्री साडेदहाला झोपण्यापूर्वी वजन ७४.६ किलो होते आणि पहाटे सहाला, लघवीला जाण्यापूर्वी, तेच कपडे घालून ७४.२ किलो भरले. म्हणजे एका रात्रीत ४०० ग्रॅम चरबी श्वासावाटे गेली, असे समजावे काय?

प्रयोगवही

प्रयोग उत्तम, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. सुमारे ७० किलो वजनाचा माणूस आठ तास झोप, आठ तास विश्रांती आणि आठ तास हलकी कामे अशा दिवसात सुमारे २०० ग्रॅम कार्बन श्वासावाटे सोडतो आणि त्याचा साधारण चौथा हिस्सा आठ तासांच्या झोपेत जातो. आपल्या ४०० ग्रॅमपैकी कार्बनचे असे सुमारे ५० ग्रॅमच धरा. बाकी श्वासातून आणि त्वचेतून गेलेली पाण्याची वाफ आहे, जी सकाळच्या पाण्याने आणि चहाने भरून निघेल. त्या कार्बनमध्येही रात्रीच्या पोळीभाजीचा वाटा आहेच. आणि दिवसभरात तो परत भरायला फार काही लागत नाही, कारण १०० ग्रॅम साखरेत ४२ ग्रॅम कार्बन असतो. काटा रोज पाहू नये. दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि चहापूर्वी पाहावा, म्हणजे पाण्याचा चढउतार बराचसा वगळला जाईल.