लघुग्रहाची कक्षा काढायचा उन्हाळी संशोधन वर्ग : तयारी, रात्रपाळी, चुका (सल्ला हवा)

अर्धचंद्र
सहा आठवड्यांचा वर्ग आहे. तिघांचा गट, गटाला पृथ्वीजवळचा एक लघुग्रह. दिवसा व्याख्यानं आणि कोडिंग, आळीपाळीने रात्री दुर्बीण, शेवटी कक्षेचा अहवाल. गणित बऱ्यापैकी येतं, पायथन जेमतेम. जाण्याआधी नेमकं काय पक्कं करू? गट कुठे अडकतात? आणि पहाटेपर्यंत निरीक्षण करून सकाळी वर्गात बसायचं, ते कसं जमवतात?

खडूफळा
आधी गणिताचं. काम बहुधा गणिती गाउसच्या पद्धतीने असेल: तीन वेगळ्या वेळांचे विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) घ्यायचे, त्यावरून मधल्या वेळेचे स्थान आणि वेग हे दोन सदिश काढायचे, त्यातून कक्षेचे सहा घटक. १८०१ साली सेरेस हा लघुग्रह सूर्याच्या प्रकाशात हरवला तेव्हा गाउसने हीच वाट काढली होती, आणि वर्ष संपता संपता तो पुन्हा सापडला. तेव्हा पद्धतीवर शंका नको, शंका आपल्या चिन्हांवर आणि एककांवर घ्यायची.

जाण्याआधी सदिशांचे दोन्ही गुणाकार, अक्ष फिरवणं आणि न्यूटनची पुनरावृत्ती हाताने करून बघ. भौतिकशास्त्राची जाड पुस्तकं आत्ता उघडायची गरज नाही.

कोडमध्ये हमखास चुकणाऱ्या जागा:
- विषुवांश तासांत असतो, १५ ने गुण. पायथनचे साइन-कोसाइन रेडियन मागतात.
- पृथ्वीकडून सूर्याकडे जाणारा सदिश R, लघुग्रहाकडे जाणारा ρ आणि सूर्याकडून लघुग्रहाकडे जाणारा r असेल तर r = ρ − R. बेरीज केलीस तरी प्रोग्राम कुरकुर न करता उत्तर देतो, चुकीचं.
- दोन निरीक्षणांमधलं दिवसांतलं अंतर k = ०.०१७२०२०९९ (गाउसचा स्थिरांक) ने गुणायला विसरू नकोस.
- r साठी येणाऱ्या आठव्या घाताच्या समीकरणाला तीनपर्यंत धन मुळं मिळू शकतात. ज्या मुळाने ρ ऋण येतो ते बाद. उरलेली सगळी पुढे चालवून बघ, पहिलंच उचलू नकोस.
- प्रकाशाला १ एयू (पृथ्वी-सूर्य सरासरी) अंतराला ४९९ सेकंद लागतात. ती दुरुस्ती प्रत्येक फेरीत नव्या ρ ने करायची, एकदाच नाही.

एक जागा मुद्दाम वेगळी सांगतो. क्रांती −००° ३५′ २०″ आहे. अंश इंटिजर म्हणून वाचलेस की −०० चा नुसता ० होतो, उणे चिन्ह गळून पडतं आणि लघुग्रह विषुववृत्ताच्या उत्तरेला जातो. चूक १° १०′ ४०″ ची. "अंश शून्यापेक्षा कमी असेल तर" ही अट इथे उपयोगाची नाही. अंश फ्लोट म्हणून वाच आणि चिन्ह कॉपीसाइनने घे, किंवा सरळ मजकुरात उणे आहे का ते बघ.

मंदप्रकाश
वरचं सगळं मान्य, पण कोड दिवसाउजेडी सुधारता येतो. रात्र वाया गेली की गेली. सहा आठवड्यांत एक पौर्णिमा नक्की येते, तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या काही रात्री अंधुक लघुग्रहाला निरुपयोगी. म्हणून पहिली पाळी मिळेल तितक्या लवकर घ्या, पुढे ढकलू नका. तिन्ही निरीक्षणं चार दिवसांत उरकलीत तर कक्षेचा दिसलेला कंस इतका छोटा होतो की विकलेच्या (१ विकला = अंशाचा ३६०० वा भाग) छोट्याशा हिश्श्याएवढ्या चुकीनेही कक्षा वाट्टेल तिकडे जाते.

पाळीचा क्रम असा ठेवा. संध्याकाळी कॅमेऱ्याचं तापमान ठरावीक आकड्यावर स्थिर होऊ द्या. संधिप्रकाशात ७ ते १० फ्लॅट (कोऱ्या उजळ आकाशाचे फोटो, धुळीचे डाग काढायला) घ्या, ६५,५३५ पैकी २० ते ३० हजार काउंट भरतील असे. नंतर कॅमेरा फिरवला तर ते फ्लॅट गेले, धुळीचे डाग जागा बदलतात. डार्क फ्रेमला (प्रकाश बंद करून घेतलेल्या फोटोला) तेच तापमान आणि तेवढंच एक्स्पोजर. मग फोकस, आणि हवा गार होत गेली की पुन्हा फोकस. त्यानंतर नासाच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेतून आपल्या वेधशाळेच्या स्थानासाठी त्या तासाचा तक्ता काढून दुर्बीण वळवा.

पाच-सात फ्रेमचा एक संच, मध्ये १५ मिनिटं सोडून दुसरा, मग तिसरा. तीन संच एकामागोमाग दाखवले की ताऱ्यांतून सरकणारा ठिपका डोळ्यांत भरतो. मधेच माउंटने (दुर्बिणीच्या फिरत्या बैठकीने) मध्यान्हरेषा ओलांडून बाजू बदलली तर चित्र १८०° उलटं येतं. आधी ते फिरवून जुळवा, नाहीतर सगळंच हलताना दिसेल.

तिसरा डोळा
एक्स्पोजर सरसकट १२० सेकंद ठेवतात, तसं करू नका. गती बघा. लघुग्रह मिनिटाला २ विकला सरकतोय आणि ताऱ्याचा ठिपका २.५ विकलांचा आहे, तर ७५ सेकंदांनंतर ठिपक्याची रेघ व्हायला लागते आणि तिचा मध्य नेमका काढता येत नाही. अंधुक असेल तर लहान फ्रेम जास्त घ्या आणि लघुग्रहाच्या गतीने सरकवून एकावर एक रचा.

आणि वेळ! फाइलच्या शीर्षकात (हेडरमध्ये) बहुतेक सॉफ्टवेअर एक्स्पोजरची सुरुवात लिहितं, तुम्हाला मधला क्षण हवा. ६० सेकंदांच्या फ्रेममध्ये हे ३० सेकंद विसरलात तर वरच्या गतीला पुरी १ विकला चूक. जागा मोजायला कितीही घाम गाळला तरी ती भरून निघत नाही. संगणकाचं घड्याळ पाळी सुरू होताच जुळवा, नोंदी यूटीमध्येच (जागतिक वेळेतच) ठेवा, आणि मध्यरात्री तारीख बदलते म्हणून फोल्डरला संध्याकाळचीच तारीख द्या.

खडूफळा
वेळेबाबत +१. जोडीला स्थानभेद (बघायची जागा बदलली की दिसणारा फरक) आहेच: १ एयूवर पृथ्वीची त्रिज्या ८.८ विकलांएवढी दिसते, ०.३ एयूवर सुमारे २९. पृथ्वीच्या केंद्रावरून मोजलेला सूर्यसदिश तसाच वापरला तर जवळच्या लघुग्रहाला हा फटका बसतो.

साखरझोप
झोपेबद्दल कुणीच बोललं नाही. पाळीच्या दिवशी जेवणाआधी ९० मिनिटं झोपा, २० मिनिटांची डुलकी पहाटे तीनला पुरत नाही. कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, मोबाइल एकदा उघडला की पुन्हा पहिल्यापासून. लाल टॉर्च आणि दिवसा झोपायला डोळ्यांवरची पट्टी, या दोन वस्तू सामानात हव्यातच.

गटात एकाने दुर्बीण, एकाने कॅमेरा, एकाने फक्त नोंदवही, आणि दर पाळीला अदलाबदल. वहीत फाइल क्रमांक, यूटी, एक्स्पोजर, फिल्टर, फोकस, ढग. "फ्रेम १४ ला धक्का लागला" हे तेव्हाच लिहा, सकाळी आठवत नाही. कोड मात्र तिघांनी आपापला लिहा. तिघांची उत्तरं जुळली तर बरं, एकाचाच कोड तिघांनी वापरला तर चूकही तिघांची.

अर्धचंद्र
सगळ्यांचे आभार. कोड लिहायला घेतला. चाचणीसाठी होरायझन्समधून एका लघुग्रहाचे पृथ्वीकेंद्री विषुवांश-क्रांती तीन तारखांना घेतले (अ‍ॅस्ट्रोमेट्रिक, अ‍ॅपरंट नाही). a (कक्षेचा अर्धा लांब अक्ष) आणि e (लांबटपणा) छान जुळतात. i (कक्षेचा कल) आणि Ω (पाताची दिशा) मात्र साफ चुकतात. डेटा चुकलाय का?

खडूफळा
डेटा बरोबर. a आणि e कक्षेचा आकार सांगतात, अक्ष कसेही फिरवले तरी ते बदलत नाहीत. i आणि Ω कलण्याशी बांधलेले. म्हणजे विषुववृत्तीय अक्षांवरून क्रांतिवृत्ताच्या (पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाच्या) अक्षांवर जायची पायरी राहिली आहे किंवा उलटी फिरली आहे. ε = २३.४४° (पृथ्वीच्या अक्षाचा कल) घेऊन

y′ = y cos ε + z sin ε
z′ = −y sin ε + z cos ε

ताळा सोपा: हेच सूर्यसदिशाला लाव. z′ जवळजवळ शून्य आला पाहिजे. नाही आला तर साइनची चिन्हं उलटी पडली आहेत.

अर्धचंद्र
उलटीच होती. आता i, Ω जुळले. ω (उपसूर्य बिंदूची दिशा) नेमका ३६०° वजा बरोबर उत्तर असा येतोय.

तिसरा डोळा
नुसता आर्ककोसाइन वापरला असशील, तो ० ते १८०° मधलंच उत्तर देतो. साइन आणि कोसाइन दोन्ही काढून आर्कटॅन२ ला दे. M ला (कक्षेतली त्या क्षणाची जागा सांगणारा कोन) पण हीच काळजी घे, आणि M ताडताना होरायझन्सची तारीख मधल्या निरीक्षणाचीच ठेव, तो रोज बदलतो.