सैनिकांची चित्रे आणि कलेच्या कसोट्या

युद्धातून परतलेल्या सैनिकांची चित्रे हा मुख्यतः उपचाराचा भाग असतो, म्हणून त्यांना कलेच्या कसोट्या लावू नयेत, या मताशी मी सहमत नाही. त्यामागचा कळवळा खरा असला, तरी त्यातून या कलावंतांच्या कौशल्याला नकळत कमी लेखले जाते.

ओटो डिक्स यांचेच उदाहरण घ्यावे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात मशिनगन चालवलेल्या या चित्रकाराने ‘युद्ध’ ही ५० मुद्राचित्रांची मालिका १९२४ साली, म्हणजे युद्ध संपून सहा वर्षे झाल्यावर प्रसिद्ध केली. ही चित्रे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेली आहेत. काही ठिकाणी आम्लाने पत्रा इतका खाल्ला आहे की खंदकातल्या प्रेतांचे कुजणे हे रेषेने दाखवलेले नसून त्या पत्र्यातच घडलेले वाटते. अनुभव कितीही भीषण असला, तरी तो असा उमटवण्यासाठी माध्यमावर हुकमत लागते, आणि ती मला या मालिकेत पानोपानी जाणवते.

अमेरिकेतील ‘कॉम्बॅट पेपर’ या उपक्रमात माजी सैनिक आपले गणवेश कापून, त्यांचा लगदा करून हाताने कागद बनवतात आणि त्यावर चित्रे छापतात किंवा लिहितात. तिथे मन हलके होत असेलही. पण गणवेशालाच कागद करण्याचा निर्णय हा कलावंताचा निर्णय आहे. अशा कामांच्या प्रदर्शनात चित्रकाराच्या सेवेच्या तपशिलाइतकीच माहिती त्याच्या तंत्राविषयीही दिली जावी, असे मला मनापासून वाटते.