मदत हवी आहे: आईची पाळी जाऊन वर्ष झालं, आता परत डाग

नमस्कार, आम्ही गुहागरजवळ राहतो. आई 53 वर्षांची, पाळी जाऊन 14 महिने झालेत, रात्री घामाने गाऊन भिजतो, झोप नाही, ते सगळं वयाचं म्हणून सोडून दिलं पण गेल्या आठवड्यात परत रक्ताचे डाग दिसले. शेजारच्या काकू म्हणतात उष्णता झाली, कोकम सरबत दे. पण 12 महिने पाळी नसल्यावर थोडं जरी रक्त गेलं तरी सोनोग्राफी करून गर्भाशयाचं अस्तर बघायलाच हवं, बहुतेकदा साधं कारण निघतं पण कधीकधी कॅन्सरही असतो ना. ती म्हणते आंब्याचा सीझन होऊ दे मग बघू. चिपळूण किंवा रत्नागिरीत नीट समजून घेणारी लेडी डॉक्टर सांगाल का कोणी? आणि तिला तयार कसं करू, तपासणीलाच लाजते हो ती.