रस्ता तिथे एसटी: बीएमडब्ल्यूची आर ८०

बॉक्सरवेडा
लाल डब्यावर चर्चा नाही, आधीच सांगतो. ही एसटी बर्लिनची.

बीएमडब्ल्यूने १९८० साली आर ८० जी/एस काढली. जी म्हणजे गेलेंडे, रानवाट. एस म्हणजे श्ट्रासे, रस्ता. ८०० सीसीच्या आतबाहेरचं बॉक्सर इंजिन (दोन सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे), ५० हॉर्सपॉवर, मागचं चाक फिरवायला चेनऐवजी शाफ्ट म्हणजे फिरता दांडा, आणि मागचं चाक एकाच बाजूच्या आर्मवर टांगलेलं. १९८२ मध्ये याच गाडीचं पुढचं २१ इंची चाक काढून १९ इंची बसवलं, सस्पेन्शनचा पल्ला कमी केला, वर चढवलेला सायलेन्सर तसाच ठेवला आणि नाव दिलं आर ८० एसटी. १९८४ मध्ये ती बंदही झाली. जी/एस २१ हजारांवर बनल्या, एसटी सहा हजारांच्या आत.

माझं म्हणणं असं की रस्त्यावर लांबचा पल्ला मारायला या दोघींत एसटीच सरस होती. लोकांनी वाळवंटाचं स्वप्न विकत घेतलं आणि ऑफिसला गेले. माझ्याकडे १९८३ ची आहे, एच नंबरप्लेटवाली (इथे जर्मनीत तीस वर्षांवरच्या, नीट जपलेल्या गाडीला मिळते ती). मला खोटं पाडा.

घाटमाथा
पाडतो. जी/एस पेट्रोल भरून १८६ किलो, एसटी १९८. म्हणजे रानात जायची सोय काढून घेतली आणि वर बारा किलो वाढवले! सीट जेमतेम दीड सेंटिमीटर खाली आली. पुढे डिस्क तीच एक. मग दोन वर्षांत गुंडाळली त्यात नवल काय? ना धड रानाची, ना धड रस्त्याची.

बॉक्सरवेडा
वजनाचा आकडा मान्य. पण गाडी काट्यावर चालवत नाहीत. गेल्या वर्षी इटलीतल्या आल्प्सच्या स्टेल्व्हिओ घाटात मित्राची जी/एस आणि माझी एसटी आलटूनपालटून चालवली. प्राद गावाकडून चढताना ४८ हेअरपिन आहेत. जी/एसचा ब्रेक दाबला की लांबलचक फोर्क खाली बसतो, नाक जमिनीला टेकतंय की काय असं वाटतं, आणि ते उंच, अरुंद चाक वळायला क्षणभर विचार करतं. एसटीला मान वळवली की ती वळते.

घाटमाथा
४८ हेअरपिनमध्येच तर रुंद हँडल आणि हलकी गाडी जिंकते! पहिल्या गिअरच्या वळणात तुमची एसटी पुढे गेली असेल तर मित्र फोटो काढायला थांबला असणार.

बॉक्सरवेडा
(हसतोय.) बरं, अगदी वरच्या, गच्च वळणांत जी/एस सोपी जाते हे देतो तुम्हाला. पण खाली दरीत, ताशी ९०-१०० वर लांब वळणं येतात तिथे या आमच्याबरोबर.

पाना_नंबर_१३
गॅरेजवाला आहे, चाकावरून भांडू नका, शाफ्टचं बोला. या गाड्यांना गॅस दिला की मागची बाजू उचलते आणि सोडला की बूड बसतं. वळणात घाबरून गॅस सोडला तर गाडी खाली बसते, नेमकी तेव्हाच जेव्हा जमिनीपासून अंतर हवं असतं. सस्पेन्शनचा पल्ला जितका मोठा तितका हा झोका मोठा. एसटीत पल्ला कमी, म्हणून झोका कमी. पुढे १९८७ मध्ये पॅरालिव्हर (मागच्या आर्मला जास्तीचा सांधा देणारी रचना) आणून कंपनीने हे दुखणं बरंचसं बरं केलं, पण एसटी तोवर गेली होती. या मुद्द्यावर मी बॉक्सरवेडासाहेबांच्या बाजूला.

एका मुद्द्यावर नाही. टूरिंग म्हणता, तर तारांची चाकं आणि आत ट्यूब कशाला ठेवली? रस्त्याचीच गाडी करायची होती तर बिनट्यूबचं अलॉय चाक द्यायचं होतं.

लांबचा_पल्ला
दादा, ट्यूबचं दुःख मला विचारा. ब्लॅक फॉरेस्टमध्ये संध्याकाळी मागचं चाक बसलं. पण खरं सांगू? तीन बोल्ट काढले आणि चाक हातात आलं, गाडीच्या स्टेपनीसारखं. ना चेन, ना अ‍ॅक्सल ओढाओढ. टायर रिमवरून उतरवताना मात्र बोटं सोलली, आणि आधी एका दुकानातून घेतलेली ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटकीच निघाली, ते वेगळं. शेवटी जुन्यावरच ठिगळ मारलं. माझीही एसटीच, बाई चालवते म्हणून कुणी चमकू नये. माझी उंची पाच फूट तीन. मला तो दीड सेंटिमीटर पुरतो.

घाटमाथा, तुम्ही वर ठेवलेल्या सायलेन्सरबद्दल कसे बोलला नाहीत? मी त्या गाडीवर प्रेम करूनही म्हणेन की तो निव्वळ दिखावा आहे. डावीकडची सामानाची पेटी त्याच्यामुळे बाहेर सरकते. रानात जायचंच नाही तर धुराडं वर कशासाठी?

घाटमाथा
ताई, माझंच काम केलंत. हेच तर म्हणतोय, कपडे रानाचे आणि पाय रस्त्याचे. ह्युबर्ट ओरिओल या रायडरने १९८१ आणि १९८३ ला पॅरिस-डाकार ही वाळवंटातली शर्यत मारली, गास्तों रायेने १९८४ आणि १९८५ ला, ती जी/एसच्या नावावर. एसटीने काय जिंकलं?

पाना_नंबर_१३
डाकारच्या त्या गाड्या खास बांधलेल्या होत्या भाऊ, शोरूममधून उचललेल्या नाहीत. त्या न्यायाने तर शेजाऱ्याचा पोरगा पहिला आला म्हणून आपण पेढे वाटायचे.

मिसळ_आणि_मायलेज
मी बीएमडब्ल्यू फक्त पोस्टरवर पाहिली, पण हा किस्सा ओळखीचा वाटतो. रॉयल एनफील्डची हिमालयन २०१६ ला आली, पुढे २१ इंची चाक. २०२२ ला तिचीच स्क्रॅम ४११ केली, पुढे १९ इंची. चाळीस वर्षांनी तोच प्रयोग! माझ्याकडे स्क्रॅम आहे. पुण्याच्या गर्दीत वळवायला हिमालयनपेक्षा सुखाची. पण सिमेंटच्या रस्त्याची कड उतरताना, ते चार बोटांचं पाऊल असतं ना, तिथे २१ची आठवण येते. म्हणून माझं मत अर्धं अर्धं.

घाटमाथा
अर्धं अर्धं म्हणजे माझ्या बाजूने. आपल्याकडे रस्ता हाच गेलेंडे.

बॉक्सरवेडा
पण एसटी आपल्या रस्त्यांसाठी केलीच नव्हती हो. ती बव्हेरियाच्या गुळगुळीत डांबरासाठी. तिथे ती ताशी पावणेदोनशेच्या जवळ जाते, दिवसभर शंभरने पळते आणि संध्याकाळी पाठ जागेवर असते. सायलेन्सरबद्दल ताईंशी सहमत, त्याची बाजू घेणार नाही.

पाना_नंबर_१३
दोन्ही एसटीवाल्यांना एकच प्रश्न: क्लचच्या स्प्लाइनना (क्लच ज्या खाचांवर सरकतो त्यांना) ग्रीस शेवटचं कधी लावलं? गिअर टाकताना अडतोय का?

लांबचा_पल्ला
...अडतोय.

बॉक्सरवेडा
माझाही. धागा वर राहू द्या, गिअरबॉक्स मागे सरकवून फोटो टाकतो.